किब्ल्याचा बाण किती चुकतो?

सीरतच्या जलशात, शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि आता व्हॉट्सॲपवर आपल्याकडे एक यादी सतत ऐकायला मिळते. बीजगणित अल-ख्वारिझ्मींनी दिले, प्रकाशशास्त्र इब्न अल-हैसमनी दिले, वैद्यकशास्त्र इब्न सीनांनी दिले. यादी खोटी नाही, पण वाचून संपते आणि हातात काही राहत नाही. या लोकांनी काय दिले ते आपण सांगतो. ते उत्तरापर्यंत कसे पोहोचले, हे सांगायच्या भानगडीत आपण पडत नाही. आणि मला वाटते, घेण्यासारखे जे होते ते नेमके त्यातच होते.

एक उदाहरण देतो. जमशीद अल-काशी हे काशानचे गणिती, समरकंदला उलुगबेग यांच्या वेधशाळेत काम करत. १४२९ मध्ये ते वारले. १४२४ मध्ये त्यांनी वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर, म्हणजे शाळेतला पाय, दशांशाच्या सोळा स्थळांपर्यंत बिनचूक काढला. युरोपला त्यांच्या पुढे जायला त्यानंतर पावणेदोनशे वर्षे लागली. ही बढाई आपण मारतोच. पण त्या ग्रंथातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. आकडेमोडीला बसण्याआधी अल-काशींनी स्वतःला एक प्रश्न विचारला : चूक किती चालेल? आणि उत्तरही ठरवले. पृथ्वीच्या व्यासाच्या सहा लाख पट व्यास असलेले वर्तुळ घेतले, तरी त्याच्या परिघात एका केसाच्या जाडीइतकीही चूक राहता कामा नये. मग त्यावरून त्यांनी हिशेब केला की वर्तुळात किती बाजूंची आकृती बसवावी लागेल. ती संख्या निघाली ८० कोटी ५३ लाख ६ हजार ३६८. त्यानंतर कामाला सुरुवात.

आधी चुकीची मर्यादा ठरवायची आणि नंतर उत्तर काढायचे. आज ज्याला न्यूमरिकल मेथड्स किंवा संख्यात्मक पद्धती म्हणतात, त्या विषयाचा हा गाभा आहे. आपण अल-काशींचे नाव घेतले आणि त्यांचा प्रश्न टाकून दिला, अशी माझी तक्रार आहे.

ही तक्रार हवेतली नाही. नवी मुंबईतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये रमजानची तरावीह होत असे. हॉल भाड्याचा, मेहराब नाही, म्हणून फरशीवर चिकटपट्टी लावून सफा आखल्या होत्या. एका संध्याकाळी तीन तरुणांनी मोबाइल काढले आणि सफा चुकीच्या आहेत असे जाहीर केले. एकाचे म्हणणे, आणखी उजवीकडे वळले पाहिजे. दुसऱ्याचे, थोडेच. तिसऱ्याचा बाण भिंतीजवळ एक दाखवी आणि हॉलच्या मधोमध दुसरेच. जुन्या मंडळींपैकी एक चाचा म्हणाले, "चाळीस वर्षं मावळतीकडे तोंड करून नमाज पढतोय, ती सगळी वाया गेली का?" त्यावर एक मुलगा बोलला, "ॲप खोटं बोलत नाही, चाचा." चाचा म्हणाले, "मग बेटा, तुमची तिघांची ॲपं तीन दिशा का दाखवतायत?"

प्रश्न बिनतोड होता, पण उत्तर शोधण्याऐवजी लोक बाजू घेऊ लागले. चार-पाच दिवस एका हॉलमध्ये दोन जमाती उभ्या राहिल्या. सलाम-दुआ बंद झाली. शेवटी इमामसाहेबांनी एक दिशा ठरवून दिली आणि वाद मिटला. मिटला म्हणजे विझला, सुटला नाही. म्हणून तो इथे सोडवून पाहू. त्यासाठी लागणारी बरीच सामग्री नवी मुंबईच्या आसपासच आहे.

पहिला भाग दिशेचा. वाशीहून मक्का सुमारे ३,४६० किलोमीटर. ती आपल्यापेक्षा जेमतेम अडीच अंश उत्तरेला आहे, म्हणून मावळतीकडे तोंड केले की झाले असे जुन्या लोकांना वाटे. गुगलच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ पश्चिमेपासून सुमारे साडेचार अंश उत्तरेकडे झुकते. पण पृथ्वी गोल आहे, आणि गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता सपाट नकाशावर वाकडा दिसतो. अमेरिकेला जाणारे विमान आधी उत्तरेकडे चढते ते त्यामुळेच. गोलाच्या त्रिकोणमितीने हिशेब केला तर वाशीहून किब्ला पश्चिमेपासून दहा अंश उत्तरेला येतो. हे गणित नवे नाही. अल-बिरुनींनी गझनी शहराचा किब्ला काढण्यासाठी १०२५ च्या सुमारास एक अख्खा ग्रंथ लिहिला आणि त्यात एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या रीतींनी भिडून उत्तरे जुळतात का ते पाहिले. तर शून्य, साडेचार आणि दहा, असे हे तीन आकडे झाले. त्यांपैकी दहा बरोबर.

पण हॉलमधला घोळ इथला नव्हता. तिन्ही ॲपनी हा हिशेब बरोबरच केला असणार. घोळ पुढच्या पायरीत आहे. पश्चिमेपासून दहा अंश म्हणजे कुठे, हे कळायला आधी उत्तर कुठे आहे ते कळले पाहिजे. मोबाइलमध्ये एक चिमुकला चुंबकमापक असतो. तो चुंबकीय उत्तर दाखवतो, आणि चुंबकीय उत्तर म्हणजे खरी उत्तर नव्हे. दोहोंतला कोन जागेनुसार बदलतो. मुंबई परिसरात सध्या तो एका अंशाहूनही कमी आहे, हे आपले नशीब. न्यूयॉर्कला तो बारा-तेरा अंश आहे, केपटाउनला पंचवीसच्या आसपास. तिथे ही दुरुस्ती न करणारे ॲप माणसाला भलतीकडेच उभे करील.

ही दुरुस्ती मोबाइलला कशी कळते? कुणी पृथ्वीच्या प्रत्येक चौरस फुटावर जाऊन मोजलेले नाही. कार्ल फ्रिडरिश गाउस या जर्मन गणितज्ञाने १८३९ मध्ये यावर तोड काढली. पृथ्वीभोवतीचे चुंबकीय क्षेत्र म्हणजे काही ठरावीक नक्ष्यांची बेरीज आहे असे धरायचे. पहिला नक्षा एका साध्या लोहचुंबकाचा. दुसरा त्याहून गुंतागुंतीचा, तिसरा आणखी बारीक. शिवणकामात मोठ्या मापाने कापड बेतून मग बारीक चिमट्या घेत जावे, तसे. उत्तर-दक्षिण दिशेने या नक्ष्यांचा आकार ज्या गणिती फलनांनी ठरतो, त्यांना लेजांद्र या फ्रेंच गणितज्ञाचे नाव आहे. शास्त्रज्ञांच्या भाषेत ही 'विशेष फलने'. शाळेतल्या साइन-कोसाइनची मोठी भावंडे म्हणा.

गाउसने २४ आकड्यांत पृथ्वी बसवली होती. आजच्या आंतरराष्ट्रीय प्रमाण नमुन्यात १९५ आकडे असतात, आणि मोबाइल वापरतात त्या जागतिक चुंबकीय नमुन्यात १६८. दर पाच वर्षांनी ते नव्याने ठरवतात, कारण पृथ्वीच्या पोटातले वितळलेले लोखंड स्वस्थ बसत नाही. उत्तरेचा चुंबकीय ध्रुव इतका भराभर सरकू लागला की २०१९ च्या फेब्रुवारीत मुदतीआधीच दुरुस्ती करावी लागली. अँड्रॉइडची आज्ञावली सर्वांना वाचायला खुली आहे. तिच्यात लेजांद्र फलनांचा तक्ता तयार करणारा भाग चक्क त्याच नावाने बसलेला आहे. म्हणजे हॉलमधले ते तिन्ही मोबाइल भिंतीजवळ उभे राहून लेजांद्रची फलने सोडवत होते, आणि ती बरोबर सोडवत होते.

या नमुन्यासाठी उपग्रहांबरोबर जमिनीवरच्या वेधशाळांची मोजमापे लागतात, आणि त्यातली एक अत्यंत जुनी परंपरा आपल्या शेजारची आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तिथे चुंबकीय नोंदी १८४० च्या दशकात सुरू झाल्या. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, आणि ट्रामच्या प्रवाहाने सुया हलणार हे उघड होते. वेधशाळेचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला हलवले. तिथली इमारत लोखंड टाळून बांधली. आणि मग त्यांनी जे केले ते मला फार आवडते. अलिबाग सुरू झाले म्हणून कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे दोन जागांतला फरक किती, हे कायमचे कळून राहील. आज ही परंपरा भारतीय भूचुंबकत्व संस्था सांभाळते. १९७१ मध्ये ती स्वायत्त झाली आणि तिचे मुख्यालय नवी मुंबईत, नवीन पनवेलला आहे. सुट्टीत अलिबागच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या आपल्या किती कुटुंबांना माहीत असते की समुद्राजवळच्या त्या शांत आवारात होणारे मोजमाप घरच्या मुसल्ल्यापर्यंत पोहोचते?

मग तीन बाण तीन दिशांना का? कारण हॉलच्या स्लॅबमध्ये, खांबांमध्ये आणि फरशीखाली लोखंडी सळ्या होत्या. मूस यांनी वेधशाळेत जे टाळले, ते आपल्या प्रत्येक इमारतीत ठासून भरलेले आहे. लेजांद्रच्या हिशेबात आपल्याकडे एका अंशाचीही दुरुस्ती येत नाही, पण सळईजवळ धरलेला चुंबकमापक वीस-तीस अंश सहज बहकतो. भिंतीजवळ एक आणि मधोमध दुसरी दिशा दिसते ती त्यामुळे. ॲप खोटे बोलले नव्हते. त्याने फक्त आपली चूक किती असू शकते ते कुणाला ठळकपणे सांगितले नाही, आणि कुणी विचारलेही नाही.

इथे कोणी म्हणेल, बरे झाले, गणित बरोबर निघाले, दोष लोखंडाचा. मग गणितात डोके कशाला घालायचे? ते यंत्रावर सोडू. मला हेच म्हणणे धोक्याचे वाटते. यंत्राने लेजांद्रची फलने बरोबर सोडवली, कारण कुणीतरी आधी बसून ती कोणत्या वाटेने सोडवायची ते ठरवले होते. सूत्र बरोबर असणे आणि हिशेब बरोबर येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे कागद-पेन्सिलीने पाहता येते, आणि आठवीपुढच्या कोणालाही जमेल.

त्यासाठी लेजांद्रपेक्षा बेसेलची फलने सोयीची. ती गोल वस्तूंत भेटतात. शाहिराचा डफ घ्या किंवा नातसोबत वाजणारा डफ घ्या, त्याचे कातडे थरथरते ते बेसेलच्या फलनांप्रमाणे. कातडे सगळीकडे सारखे असल्यामुळे त्याचे वरचे नाद मूळ नादाच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे अडनिडे येतात, म्हणून डफाला ठोस स्वर नसतो. तबल्याला शाई लावून हेच नाद सरळ पटींत आणलेले असतात, आणि त्याचा अभ्यास सी. व्ही. रामन यांनी केला होता. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला अणुभट्ट्या आहेत. दंडगोल भट्टीत मध्यापासून कडेकडे न्यूट्रॉन कसे विरळ होत जातात, याचा पाठ्यपुस्तकातला पहिला हिशेबही याच फलनाचा. डफ आणि अणुभट्टी यांचे गणित एक, हे मला अजून पुरते पचलेले नाही.

आता हिशेब. या फलनांना क्रमांक असतात : शून्य, एक, दोन, असे पुढे. १ या ठिकाणी शून्याव्याची किंमत ०.७६५२ आणि पहिल्याची ०.४४०१, चार स्थळांपर्यंत. पुढची किंमत काढायचा नियम सोपा आणि शंभर टक्के खरा आहे. हातातल्या क्रमांकाची दुप्पट करा, तिने हातातली किंमत गुणा, आणि त्यातून आधीची किंमत वजा करा. दुसरी किंमत : ०.४४०१ ची दुप्पट वजा ०.७६५२, म्हणजे ०.११५०. ठीक. तिसरी : चार गुणिले ०.११५० वजा ०.४४०१, म्हणजे ०.०१९९. चालेल. चौथी ०.००४४, पाचवी ०.०१५३. इथे शंका यायला हवी, कारण किमती उतरत जायला हव्यात आणि ही चढली. सहावी ०.१४८६. सातवी १.७६७९. हे फलन कधी एकाच्या वर जातच नाही, आणि सातवीची खरी किंमत आहे ०.०००००१५ च्या जवळपास.

सूत्र खरे, सुरुवात खरी, बेरीज-वजाबाकी खरी आणि उत्तर साफ खोटे. झाले काय, तर सुरुवातीला चौथ्या स्थळानंतर आकडा तोडताना पाचव्या स्थळावर एक कण चूक राहिली. ती दर पायरीला आधी २ ने, मग ४ ने, ६, ८, १० आणि १२ ने गुणली गेली. या सगळ्यांचा गुणाकार ४६,०८०. कणाचा डोंगर झाला. संगणक चारऐवजी सोळा स्थळे घेतो, म्हणून डोंगर जरा उशिरा दिसतो, इतकेच.

आता तोच नियम उलटा चालवा. पाचवी किंमत शून्य आणि चौथी १, असे बेधडक ठोकून द्या. दोन्ही खोटे आहे, हरकत नाही. नियमाने खाली उतरा : तिसरी ८, दुसरी ४७, पहिली १८०, शून्यावी ३१३. या फलनांचा आणखी एक नियम आहे की शून्यावी किंमत आणि सम क्रमांकांच्या किमतींची दुप्पट यांची बेरीज नेहमी १ असते. आपली बेरीज ३१३ अधिक ९४ अधिक २, म्हणजे ४०९ आली. तर सगळ्यांना ४०९ ने भागा. शून्यावी ०.७६५३, पहिली ०.४४०१, दुसरी ०.११४९, तिसरी ०.०१९६. खोट्या सुरुवातीपासून पूर्णांकांची आकडेमोड करून आपण जवळपास बिनचूक उत्तरावर आलो. आणखी दोन-तीन पायऱ्या वरून सुरुवात केली तर आणखी स्थळे मिळतात. या वाटेने चूक वाढत नाही, पायरीगणिक झिजते. ही युक्ती ब्रिटिश गणिती जे. सी. पी. मिलर यांच्या नावाने ओळखली जाते. १९५२ मध्ये छापलेल्या बेसेल फलनांच्या कोष्टकांसाठी त्यांनी ती वापरली.

लेजांद्रच्या फलनांतही असे चकवे आहेत. चुंबकाचा नमुना बाराव्या-तेराव्या पायरीवर थांबतो, म्हणून तिथे निभते. पण पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा २००८ चा नमुना दोन हजारांच्या पुढच्या पायरीपर्यंत जातो. तिथे ध्रुवांजवळ फलनाच्या किमती इतक्या सूक्ष्म होतात की संगणक त्यांना शून्य समजून टाकून देतो आणि पुढचे सगळे कोसळते. ते टाळायला आकडे मध्येच मोठे करून शेवटी लहान करण्याच्या रीती शोधाव्या लागल्या.

खोट्या अंदाजातून खऱ्याकडे उतरणे अल-काशींनाही ठाऊक होते. एक अंशाचा साइन त्यांना हवा होता. तीन अंशांचा साइन भूमितीने मिळतो, पण कोनाचे तीन समान भाग पट्टी-कंपासने होत नाहीत. त्यांनी काय केले? तीन अंशांच्या साइनची सरळ तिहाई घेतली, ०.०१७४४५३. ही चुकीची. तिचा घन करून चौपट केली, तीन अंशांच्या साइनमध्ये मिळवली आणि पुन्हा तीनने भागले. ०.०१७४५२४. सात स्थळे एका फेऱ्यात बरोबर. असे फेरे मारत ते सोळा-सतरा स्थळांपर्यंत गेले.

ही रीत समरकंदला राहिली नाही. गोदावरीकाठच्या गोलग्रामच्या ज्योतिषी घराण्यातले कमलाकर काशीत राहत. १६५८ मध्ये त्यांनी सिद्धान्ततत्त्वविवेक लिहिला. त्यात कोनाच्या तिसऱ्या भागाची ज्या काढण्याची रीत आहे, आणि मिर्झा उलुगबेग यांचा उल्लेखही आहे, संस्कृतात. मराठी मुळाचा ब्राह्मण पंडित समरकंदच्या वेधशाळेचे नाव संस्कृत ग्रंथात घेतो आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही. खुद्द साइन हा शब्दही असाच फिरलेला. आर्यभटांची ज्या किंवा जीवा अरबीत जीबा झाली. पुढे तेच अक्षर जैब असे वाचले गेले. जैब म्हणजे पोशाखाची घडी, तीच आपली जेब, आणि तिचेच लॅटिन भाषांतर सायनस. 'आमचे' आणि 'तुमचे' विज्ञान अशा याद्या करणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींनी हा प्रवास एकदा भिंतीवर लावून ठेवावा.

आता मुलांच्या शिक्षणाबद्दल. पनवेल ते ऐरोली या पट्ट्यात इंजिनिअरिंग कॉलेजांची कमी नाही, आणि त्यात आपली मुले-मुली आता बऱ्यापैकी दिसतात. आनंद आहे. पण मी ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या बहुतेकांनी बेसेल आणि लेजांद्र परीक्षेपुरते पाठ केलेले असतात. सूत्र सिद्ध करा, आठ गुण. ते सूत्र संगणकात सरळ चालवले तर काय होते, हे करून पाहिलेले नसते. त्यानंतर पालक लाखभर रुपये भरून डेटा सायन्सचा कोर्स लावतात. तिथे तयार फंक्शन बोलावले की उत्तर येते. पालकांना मी दोष देत नाही. नोकरीची घाई आहे, घराचे हप्ते आहेत. फक्त एवढेच म्हणतो की तयार फंक्शन बोलावणारे हजारो असतात, आणि ते कुठे फसेल हे सांगू शकणारा माणूस दुर्मीळ असतो. त्याला काम मिळते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एच. एम. अंतिया यांचे संख्यात्मक पद्धतींवरचे जाडजूड पुस्तक १९९१ पासून बाजारात आहे. याच संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक उभा राहिला. हे सगळे लोकलच्या तिकिटात पोहोचण्याजोगे आहे. आपल्या अंजुमन आणि ट्रस्ट दरवर्षी गुणवंतांचे सत्कार करतात, शाल आणि ट्रॉफी देतात. एखाद्या वर्षी ट्रॉफीच्या पैशात एक बस करून मुलांना नवीन पनवेलच्या संस्थेची परवानगी घेऊन तिथे न्यावे, ही माझी जाहीर विनंती.

किब्ल्याकडे परत येतो. आपल्या फुकहांनी 'किती चूक चालेल' हा प्रश्न शेकडो वर्षांपूर्वी हाताळलेला आहे. हनफी मसलकात दूरच्या माणसाला काब्याची दिशा पुरते. डावी-उजवीकडे ४५ अंशांपर्यंतची तफावत नमाज मोडत नाही, असे उलेमा सांगतात. शाफई मसलक, ज्यात आपले बहुतेक कोकणी मुसलमान येतात, खुद्द काब्याकडेच रोख असावा असा आग्रह धरतो, पण त्यासाठी माणसाने आपल्या परीने प्रामाणिक प्रयत्न करावा, एवढीच अपेक्षा आहे. मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. पण वाशीत एका अंशाचा फरक मक्केजवळ ५७-५८ किलोमीटरचा होतो. म्हणजे हाडामांसाच्या कोणाही माणसाला इमारतीवर नेमका नेम धरता येणे शक्यच नाही, आणि जुन्या लोकांना हे गणित न करताही कळलेले होते. चाचांची चाळीस वर्षांची मावळत दहा अंशांनी बाजूला होती. हनफी मर्यादेत ती आरामात बसते. मुलाचा बाण सळईमुळे वीस अंश बहकला होता, तोही बसतो. भांडण ज्या फरकावर झाले, त्याला फिक्हने आधीच जागा करून ठेवली होती. चूक मोजण्याची सवय गेली की उरते फक्त कोण खरा आणि कोण खोटा.

ज्यांना तरीही सफा नीट आखायच्या आहेत, त्यांच्यासाठी लोखंडाला न घाबरणारी एक रीत आहे. दरवर्षी २८ मेच्या सुमारास सूर्य काब्याच्या बरोबर डोक्यावर येतो. आपल्या घड्याळात तेव्हा दुपारचे २ वाजून ४८ मिनिटे होतात. त्या वेळी नवी मुंबईत सूर्य आकाशात चांगला वर असतो. उघड्यावर सरळ काठी उभी करा. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुंध्याकडे जी रेघ जाते, ती किब्ला. दहा मिनिटे इकडेतिकडे झाली तर दिशेत पाव अंशाचाही फरक पडत नाही, आणि एक दिवस मागेपुढे झाला तर अर्ध्या अंशाहून कमी. १६ जुलैला २ वाजून ५७ मिनिटांनी हाच योग पुन्हा येतो, पण तेव्हा आपल्याकडे ढग असतात. तेव्हा मेचाच दिवस धरावा, आणि काठीऐवजी गवंड्याकडचा ओळंबा टांगला तर उत्तम.